परत येण्याची अट

२०२१ सालचा जानेवारी महिना. आदल्या मार्चात शाळेला लागलेलं कुलूप अजून निघालं नव्हतं. कॉन्व्हेंटच्या जेवणघरात आम्ही लांब लांब खुर्च्या टाकून, तोंडाला मास्क बांधून बसलो होतो. एकीचं बोलणं दुसरीला धड ऐकू येत नव्हतं, त्यामुळे सगळ्याच जरा चढ्या आवाजात बोलत होत्या.

"सरकारचा हुकूम शिक्षकांच्या चाचणीचा आहे," मुख्याध्यापिका सिस्टर आयव्ही म्हणाली. "मुलांबद्दल त्यांनी काही सांगितलेलं नाही. वसईकडच्या आपल्या दोन-तीन शाळा चाचणी मागतायत, बाकीच्या मागत नाहीत. बोर्डिंगच्या मुलींचं काय करायचं ते आपण ठरवायचंय."

"मग ठरव," मी म्हणाले. "चाचणी केल्याशिवाय एकही मुलगी फाटकाच्या आत घ्यायची नाही."

"रेमू," कोपऱ्यातून माझी बहीण म्हणाली, "तू रिटायर झालीस ना गं?"

सगळ्या हसल्या. मी हसले नाही. शाळेच्या समितीवर मला घेतलं होतं ते तीस वर्षं गणित शिकवलं म्हणून, आणि निवृत्त होऊनही मी समोरच्या क्वार्टरमध्ये राहत होते ती हिच्यासाठी. ही म्हणजे सिस्टर ऑगस्टा. घरातलं नाव नतालीन, पण मी तिला जन्मभर बायच म्हणत आले. आम्ही मूळच्या वसईच्या. ती सिस्टर होऊन इकडे जव्हारच्या वाटेवर आली, मागाहून मीही नोकरीला आले. आई म्हणायची, एकीला देवाने नेलं आणि दुसरीला एसटीने.

बाय तेव्हा ऐंशीला टेकली होती. तरुणपणी तिला क्षय झाला होता, त्यात एक फुफ्फुस निकामी झालं होतं. जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबून भिंतीवरचं चित्र बघायची. ते चित्र तिनं किती वर्षं बघितलं होतं कोण जाणे. दम लागलाय असं मात्र कधी म्हणायची नाही.

"पाड्यावर जाऊन नाकात काडी घालणार म्हणून सांगा, आणि किती मुली येतात ते बघा," ती म्हणाली. "पावसाळ्यात त्यांच्यातल्या देवज्याला नेला. तपासला, गाडीत घातला, गेला. प्लास्टिकमध्ये गुंडाळून तिकडेच जाळला. बायकोला तोंड दिसलं नाही. त्या माणसांच्या लेखी तपासणं म्हणजे नेणं, आणि नेणं म्हणजे परत न येणं."

"आणि न तपासता घेतल्या आणि एकीला असला तर, सिस्टर?" आयव्ही म्हणाली. ती चाळिशीची, नियमाला पक्की. "सगळ्या एका हॉलमध्ये झोपतात."

"त्या हॉलच्या भिंतीला लागून तुझी खोली आहे, बाय," मी म्हणाले. "आणि पहिल्या दिवशी तू काय करतेस ते मी सांगायला नको."

आमच्याकडे एक रीत होती. मुली बहुतेक वारल्यांच्या, ख्रिस्ती नव्हेत. पण सुट्टीनंतर परत आल्या की ओळीने बायसमोर उभ्या राहत आणि ती प्रत्येकीच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढी. त्यांच्या आया त्याला शिक्का म्हणत. शिक्का घेतल्याशिवाय मुलगी शाळेत टिकत नाही, आजारी पडते, असा त्यांचा ठाम समज होता. बायने चाळीस वर्षं बोर्डिंग सांभाळलं, आणि तेवढी वर्षं ते शिक्के दिले.

"यंदा शिक्का नाही, असं सांगू," आयव्ही म्हणाली.

"मग यंदा मुली नाहीत," बाय म्हणाली. "आणि जयवंतीचं काय?"

जयवंती वरठा दहावीची. हुशार म्हणजे किती, तर सुट्टीतही पाडा उतरून माझ्या ओट्यावर बीजगणित सोडवायला यायची आणि माझीच चूक काढून जायची. अंगणवाडीच्या बाईंनी आयव्हीला निरोप दिला होता, की बापाने तिच्यासाठी मुलगा बघितलाय. मुलाकडचे वीटभट्टीवर जातात. भट्टीवाला जोडप्यालाच काम देतो, म्हणून त्यांना लग्नाची घाई. पोरगी शाळेत गेली तर ठीक, नाहीतर याच महिन्या-दोन महिन्यांत उजवून टाकायची.

"पोलिसांना कळवू," आयव्ही म्हणाली. "पंधरा-सोळा वर्षांची पोर."

"पोलिसांची गाडी एकदा पाड्यात शिरली की तिथली एकही मुलगी पुन्हा तुझ्या शाळेत दिसणार नाही. आणि लग्न लावतील ते दुसऱ्या पाड्यावर." बाय थोडा वेळ दम खात बसली. मग म्हणाली, "करा चाचणी. रेमूला झोप तरी लागेल. पण पहिली माझी करायची. सगळ्या आयांच्या समोर, अंगणात. सिस्टरच्या नाकात काडी गेली आणि सिस्टर कुठे गेली नाही, हे त्यांना दिसू दे."

आयव्हीने माझ्याकडे बघितलं. मला यात काही वावगं दिसेना. बाय तर गेल्या मार्चपासून फाटकाबाहेर पडली नव्हती.

चाचणीच्या दिवशी चिंचेखाली टेबल मांडलं. आरोग्य केंद्रातला टेक्निशियन पांढऱ्या झग्यात गुंडाळून बसला होता. फाटकाबाहेर आया आणि मुली सकाळपासून जमल्या होत्या, डोक्यावर गाठोडी, कोणाच्या काखेत धाकटं मूल. आयव्हीने त्यांना अंतर सोडून आत घेतलं. सगळ्यात पुढे जयवंती आणि तिची आई मथी. मथीही आमचीच विद्यार्थिनी, सातवीपर्यंत बोर्डिंगला होती. मग लग्न झालं. काटक, काळी, बोलायला फटकळ.

"ही काडी कुठवर जाते?" तिने मला विचारलं.

"थोडीच आत."

"तू घातलीस कं?"

"अजून नाही."

"मग तुला काय ठावं, बाई?"

बाय खुर्चीत बसली, मास्क खाली केला, मान मागे टाकली. काडी आत गेली, बाहेर आली. तिच्या डोळ्यांना पाणी आलं. ते पुसत ती आयांकडे वळून म्हणाली, "एवढंच. मला वाटलं मेंदू काढतोय."

बायका हसल्या. काही मुली तर धीर येऊन पुढेही सरकल्या. मला आठवतं, त्या क्षणी मी देवाचे आभार मानले होते. वाटलं, झालं, आता सुरळीत होईल.

निकाल तिथेच चाचणीच्या पट्टीवर पंधरा-वीस मिनिटांत दिसायचा. तोवर पुढे सरकलेल्या दोघी बहिणींची चाचणी झाली. टेक्निशियनने बायची पट्टी उचलली, उन्हात धरली, परत खाली ठेवली. मग आयव्हीला जवळ बोलावलं. तिचा हात गळ्यातल्या क्रूसाकडे गेला, आणि मला कळलं.

"परत करा," मी म्हणाले.

परत केली. परत दोन रेघा उमटल्या. त्याने बायच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा बघितला आणि बोट बदलून पुन्हा लावला. मग फोन काढला.

कुठून आला, कोणाकडून आला, कधीच कळलं नाही. दूधवाला, पाववाला, कम्युनियन घेऊन येणारे फादर, मी स्वतः, आमच्या सगळ्यांच्या चाचण्या झाल्या आणि कोणालाच नव्हता. पण तो विचार पुढचा. त्या घटकेला अंगणात एवढंच पसरलं, की सिस्टरला आहे आणि गाडी येतेय.

आयांनी आपापल्या मुली दंडाला धरून मागे ओढल्या. ज्या दोघींची चाचणी झाली होती त्यांची आई रडायलाच लागली, आता आमच्या पोरींनाही नेणार म्हणून. आयव्ही ओरडून सांगत होती, त्यांना नाहीये, निकाल चांगला आहे, थांबा. कोणी ऐकत नव्हतं. फाटकापाशी एकच गर्दी झाली.

ॲम्ब्युलन्स आली. बाय स्वतः चालत निघाली. मी पुढे झाले तर तिने हात वर करून मला अडवलं.

"मी बरोबर येते," मी म्हणाले.

"येऊ देणार नाहीत. पेज करून जेव. आणि ओरडू नको कोणावर."

फाटकाजवळ फक्त मथी उभी होती, जयवंतीला पाठीशी घालून. बाकीच्या रस्त्यापार गेल्या होत्या. बाय तिच्यापासून अंतर ठेवून थांबली.

"मथे, मुलीला ठेव इथे. तिची काडी करून घे."

"नाय," मथी म्हणाली. "तू जातेस."

"मी येईन परत."

"येशील तवा बघू. तू परत येईस्तोवर माझी पोर कुठं जायची नाय."

"मथी, तुला कळतंय का काय करतेस ते?" मी म्हणाले. ओरडू नको म्हटलेलं विसरलेच होते. "तिचं वर्ष जाईल. तिचं लग्न लावतील."

मथीने माझ्याकडे बघितलंही नाही. बाय तिच्याकडे क्षणभर बघत राहिली, मान हलवली, आणि गाडीत चढली. दार लागलं. जयवंती वळून वळून बघत आईमागून पाड्याच्या वाटेला लागली.

पुढचे दिवस मी क्वार्टरमध्ये एकटी काढले. जेवण आयव्ही ओट्यावर ठेवून जायची आणि कुंपणापलीकडून बोलायची. पहिल्याच संध्याकाळी मी तिला विचारलं, "चाचणी ठेवली नसती तर?"

"तर त्या दिवशी सिस्टरने सगळ्यांच्या कपाळाला अंगठा लावला असता," ती म्हणाली.

"आणि ठेवली म्हणून एकही मुलगी आली नाही."

"हो."

तिचंही बरोबर होतं आणि बायचंही. मला दोन्हीचा उपयोग नव्हता. मला फक्त फोन वाजायला हवा होता, आणि वाजला की उचलायची भीती वाटत होती.

रुग्णालयातली एक नर्स भली होती. ड्युटी संपताना स्वतःचा मोबाईल बायच्या कानाला लावायची. आधी नुसता यंत्राचा सुसकारा ऐकू यायचा, मग तिचा आवाज.

"मुली आल्या?"

"येतायत," मी म्हणायचे.

"जयवंती?"

"तिचंही बघतेय आयव्ही. तू बोलू नको. दम लागतो."

"मग तू फोन कशाला उचलतेस?"

एकदा नर्सच बोलली. म्हणाली, आज आजींना बोलता येणार नाही, ऑक्सिजन वाढवलाय. प्रार्थना करा. मी गुडघे टेकले, रोझरी हातात घेतली, आणि पहिल्याच मण्यावर मला शब्द आठवेनात. लहानपणापासून रोज म्हटलेले शब्द. मी तशीच माळ धरून बसून राहिले.

त्याच सुमाराला अंगणवाडीच्या बाई येऊन सांगून गेल्या, की जयवंतीचं ठरलं. बोलणी झाली, पाहुणे येऊन जेवून गेले. फक्त तारीख धरायची बाकी आहे, ती का धरत नाहीत ते माहीत नाही. मला मथीचा असा संताप आला, की ती समोर असती तर मी तिला सातवीतल्यासारखं बाकावर उभं केलं असतं. पोरीला शाळेत ठेवून गेली असती तर आज ती आमच्याजवळ होती. आयव्ही स्कूटरवरून पाड्यावर जाऊन आली. मथी दारातून म्हणाली, "शिस्टर आली कं? नाय ना. मग काय बोलायचं?" आणि आत निघून गेली.

बाय परत आली ती राखेचा बुधवार, म्हणजे आमच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, उलटून गेल्यावर. गाडीतून उतरली तेव्हा मला आमची आई उतरल्यासारखं वाटलं, एवढी ती खंगली होती. मनगटं नुसती काड्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, अंगात काही उरलेलं नाही, अंडी द्या, रोज कोंबडीचं सूप द्या, नाहीतर हाताशी आलेलं जाईल. उपवासकाळ होता, शुक्रवारी तर मांस वर्ज्यच, पण आजाऱ्याला सूट असते. मी रोज दुपारी सूप करायचे आणि ती नाक मुरडत का होईना वाटीभर प्यायची. चार दिवसांत तिच्या ओठांना जरा रंग आला.

आणि एका दुपारी फाटकाशी माणसं आली.

पुढे जयवंतीचा बाप रावज्या, त्याच्यासोबत पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा, तो मुलाचा बाप. मागे मथी, डोक्यावर गाठोडं. आणि जयवंती, हातात फडक्याने बांधलेलं मडकं. आयव्हीने त्यांना ओसरीच्या पायऱ्यांखाली उभं केलं. बाय वर खुर्चीत शाल पांघरून बसली होती.

रावज्याने हात जोडले. "बरी झालीस, लय चांगलं झालं. या मथीनं तुझ्यापायी नवस बोललेला. तुला गाडीत घातली त्याच दिवशी, डोंगरदेवापाशी. शिस्टर जिती आली तर कोंबडी देईन."

"मग दिलीस का?" बायने मथीला विचारलं.

"दिली," मथी म्हणाली. "तीच शिजवून आणली."

"आता जिच्यापायी नवस तिनं घास खायाचा," रावज्या म्हणाला. "म्हणजे नवस फिटला. घरात नवस बाकी असला की आमच्यात लग्नाचा चौक लिहीत नाय. हे पाहुणे कवाचे खोळंबलेत. तू एक घास खा, म्हणजे आमी मोकळे."

चौक म्हणजे वारली बायका लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहितात तो. तो लिहिल्याशिवाय त्यांचं लग्न लागत नाही. तारीख का धरली जात नव्हती ते मला तेव्हा कळलं. आणि मला वाटलं, मथीने आपल्याच बोलण्याने हे एवढे दिवस लांबवलं, आता आपल्याच हाताने संपवायला आली. बाय खुर्चीत कलायला लागली होती. मी मनात म्हटलं, घास खाऊन होऊ दे, ही माणसं बसू देत, मग मी रावज्याशी बोलते, हातापाया पडते. मी आतून ताटली आणायला वळले.

"मी खाणार नाही," बाय म्हणाली.

"म्हणजे?"

"आमचा उपवासकाळ चालू आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मी मांसाला शिवत नाही."

मी तिच्याकडे बघतच राहिले. कालची वाटी मी स्वतः तिच्या तोंडाला लावली होती. आजचं सूप आत चुलीवर होतं, आणि त्याचा वास ओसरीपर्यंत येत होता.

"बाय, डॉक्टरांनी..."

"रेमू, आतून पाणी आण."

मी हलले नाही. मथीने गाठोडं तसंच डोक्यावर ठेवून कमरेवर एक हात ठेवला.

"देवाची कोंबडी तुला चालत नाय?"

"चालते. ईस्टरनंतर."

"तवर देव थांबल?"

"तुझा देव थांबतो की नाही ते तुला ठाऊक. माझा थांबायलाच सांगतो."

"मी डोंगर चढून गेले तुझ्यापायी. अनवाणी."

"मी सांगितलं होतं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिने हिच्यासाठी देवाला कोंबडी दिली तिच्याशी हे असं बोलायचं? दोघींचे आवाज चढत गेले. बायला खोकला आला तरी ती थांबेना. शेवटी मथी पुरुषांकडे वळली.

"ऐकलं कं? मी बोलले, मी फेडायला आले. ही खात नाय. माझा काय विलाज? नवस राहिला बाकी."

"अग बाय, एकच घास," रावज्या अजिजीने म्हणाला. "कोणाला कळतंय?"

"मला कळतंय," बाय म्हणाली.

टोपीवाल्या म्हाताऱ्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. "हे ईस्टर कवा येतं?"

"एप्रिलात," आयव्ही म्हणाली.

"तवर भट्टी संपत आली. आमचं जोडपं पुढच्या हप्त्याला पायजे." तो रावज्याशी हळू आवाजात काही बोलला, रावज्या गयावया करत त्याच्या मागे गेला. म्हातारा फाटकातून बाहेर पडला तो थांबला नाही. रावज्या अर्ध्या वाटेवरून परत आला, मथीला म्हणाला, "चल. पोरीला घे. त्याला समजवू."

मथी जागची हलली नाही. तिने आयव्हीकडे बघितलं. आणि आयव्ही, नियमाबाहेर पाऊल न टाकणारी आयव्ही, जयवंतीकडे बोट दाखवून म्हणाली, "ही बोर्डिंगची मुलगी आहे. चाचणीशिवाय फाटकाच्या आत आली, कोविडमधून उठलेल्या सिस्टरसमोर एवढा वेळ उभी राहिली. आता निकाल येईपर्यंत तिला बाहेर सोडता येणार नाही. नियम आहे."

असा नियम नव्हता. तो त्या क्षणी जन्मला.

"नियम असंल तर काय करणार," मथी म्हणाली. तिने डोक्यावरचं गाठोडं उतरवून पायरीवर ठेवलं. गाठ सैल होती. आतून गणवेशाचा निळा काठ दिसत होता आणि बीजगणिताच्या पुस्तकाचा कोपरा.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. रावज्या बायकोकडे बघत राहिला. कळलं असावं त्यालाही, पण देवाच्या नवसाशी आणि शाळेच्या नियमाशी एकाच वेळी भांडायचं कसं, ते त्याला सुचेना. तो खालमानेने निघून गेला. मथी त्याच्यामागून. जाताना तिने जयवंतीच्या हातातलं मडकं मात्र परत नेलं.

मी बायला आत नेऊन निजवलं. ती धापा टाकत होती.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"गाडीपाशी. पोर कुठं जायची नाही, म्हणाली ती. शाळेचं नाव घेतलं नव्हतं तिने. मथी माझ्याकडे होती तेव्हा तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न असंच एका नवसापायी वर्षभर अडलं होतं. सगळ्या बोर्डिंगला सांगत सुटली होती. मला वाटलं, ही काहीतरी बोलणार देवाला. मला फक्त जगायचं होतं, रेमू. मी मेले असते तर नवसच उरला नसता."

मी सुपाची वाटी घेऊन आले. तिने तोंड फिरवलं.

"आता इथे कोण आहे बघायला?"

"मी चारचौघांत बोलले. ओतून दे."

मी हट्ट केला, रडले, डॉक्टरांना फोन लावून दिला. तिने डॉक्टरांनाही तेच सांगितलं. ईस्टरपर्यंत ती वरण, दुधी आणि पेजेवर राहिली. रोज सकाळी मी तिच्या खोलीचं दार हळूच ढकलायचे. पांघरूण वरखाली होतंय ना, एवढं आधी बघायचे, मग हाक मारायचे.

ती तगली. कशी, ते मला विचारू नका.

जयवंतीची चाचणी सोमवारी झाली, निगेटिव्ह आली. सिस्टर परत आल्याचं पाड्यांवर कळलं तशा बाकीच्या आयाही मुलींना घेऊन आल्या आणि चिंचेखाली ओळ लावून काड्या घालून घेतल्या. मार्चअखेर दुसरी लाट आली नि बोर्डिंग पुन्हा बंद करावं लागलं. जयवंतीला आयव्हीने सिस्टरच्या शुश्रूषेसाठी म्हणून ठेवून घेतलं. ज्या दहावीसाठी एवढं केलं तिची परीक्षा त्या वर्षी झालीच नाही. शाळेतल्या गुणांवर सगळी मुलं पास झाली.

टोपीवाल्याने दुसऱ्या पाड्यावरची मुलगी केली. ती कोण, किती वर्षांची, तिचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. बायने मरेपर्यंत तिची चौकशी केली, पण तिचा पत्ता लागला नाही.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी मथी एकटी आली, नवी कोंबडी शिजवून. बायने दोन घास खाल्ले, म्हणाली तिखट झालंय. मथी म्हणाली, देवाला असंच आवडतं. बाय पुढे दोन वर्षं जगली आणि एका पावसाळ्यात दुपारची निजली ती उठली नाही. आयव्हीची बदली गुजरातकडच्या एका शाळेत झाली. तिकडून फोन करते, नियम अजून तसेच पाळते. रावज्या भातशेती करतो, माझ्यासमोर आला की दुसरीकडे बघतो. जयवंती बारावीला एकदा गणितात नापास झाली, मग पास झाली, आणि आता वसईला एका कारखान्यात मशीन चालवते आणि बाहेरून पदवी करते आहे. स्थळं येतात, ती नाही म्हणते.

मथीची धाकटी यंदा नववीत आहे. गेल्या पावसाळ्यात मला न्यूमोनिया झाला होता, त्यातून उठले तेव्हा मथी मडकं घेऊन क्वार्टरच्या ओट्यावर आली. आत कोंबडी होती.

"तुझ्यापायी बोलले होते, बाई," ती म्हणाली.

मी ताटली आणायला उठले, तर तिने मडक्यावरचं फडकं काढलंच नाही.

"दाखवायला आणलीय," ती म्हणाली. "धाकटीची बारावी होईस्तोवर तुला खाता यायची नाय. तवर राहा."

मी सत्त्याहत्तरची आहे. डॉक्टर सांगतात तसं चालते, गोळ्या वेळेवर घेते, आणि मथीच्या हातचं काही खात नाही.